सरोवर पार्कचं सरोवर

आमच्या कॉलनीचं नाव सरोवर पार्क. नाव ठेवलं तेव्हा इथे सरोवर नव्हतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात मात्र होतं. त्यात दोन हंस आणि एक होडीसुद्धा होती. आम्ही राहायला आलो तेव्हा मागे हरभऱ्याचं खोलगट रान होतं आणि गटार ‘पुढच्या टप्प्यात’ होतं. पुढचा टप्पा अठरा वर्षं आला नाही. तेवढ्या काळात एकशे बारा घरांनी रोज आंघोळी केल्या, भांडी घासली, धुणी धुतली आणि ते सगळं पाणी उताराने त्या रानात जाऊन बसलं. माहितीपत्रकातलं वचन शेवटी रहिवाशांनीच पाळलं.

तळं दिसायला सुंदर आहे हे कबूल करायला आम्हाला बरीच वर्षं लागली. थंडीत पहाटे त्यावर धुकं उतरतं. सोमवारी आठवड्याचं धुणं निघतं, त्यामुळे फेस जास्त असतो. धुकं कुठे संपलं आणि फेस कुठे सुरू झाला ते कळत नाही, बगळे ढगात उभे राहिल्यासारखे दिसतात. दिवाळीत पाण्याला उटण्याचा वास येतो. एरवी जो येतो त्याबद्दल घरी पाहुणे असताना कुणी बोलत नाही.

दया अमोलिक बाईंचं घर अगदी काठावर. मिशनच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. नववीला पत्रलेखन शिकवावं तर बाईंनी, असं अजूनही म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या नगरपरिषदेत एक अर्ज नेऊन द्यायच्या. विषय ठरलेला : सांडपाण्याची विल्हेवाट लावणेबाबत. आवक-जावकच्या टेबलावर छगन. तो बाईंचाच विद्यार्थी. अर्ज वाचून त्यातला मजकूर बरोबर आहे अशी मान डोलवायचा, शिक्का मारायचा आणि पोहोच द्यायचा. असे दोनशेच्या वर अर्ज झाले. कागद कपाटात जात होते आणि पाणी रानात.

मग दोन वर्षांपूर्वी बाईंच्या यजमानांना, प्रभुदासकाकांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगी शॅरन नाशिकला, ती येऊन-जाऊन. बाईंनी खाट मागच्या गॅलरीत हलवली, कारण तिथे ऊन येतं. सात महिने काका तळ्याकडे बघत पडून होते. आठव्या महिन्यात एके सकाळी हिरव्या पानांवरून लांब बोटांचा एक पक्षी पाय टाकत टाकत चालत गेला आणि काका म्हणाले, “पेत्र.”

बाई चहाचा कप खाली ठेवून खाटेशी आल्या.

“अहो, काय म्हणालात?”

“पेत्र. पाण्यावर... चालतो.” थोडं थांबून, “हा बुडत नाही.” बायबलातला पेत्र येशूकडे पाण्यावरून चार पावलं चालला आणि बुडायला लागला होता.

तेव्हापासून रोज सकाळी काकांचे पहिले शब्द तळ्यावरचे पक्षी मोजण्यात खर्च होतात. शेकाट्या तेरा. पाणकोंबडी, पोरांसकट. पेत्र आला, पेत्र नाही आला. मोजणी संपली की मग घरातलं बोलतात, म्हणजे मीठ कमी आहे वगैरे. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले होते; त्यात हे नव्हतं, पण त्यांनी हरकत घेतली नाही.

अर्ज मात्र चालूच राहिले. अठरा वर्षांची सवय होती, आणि अर्जांचा काही उपयोग होईल असं बाईंच्या मनात कधी आलं नव्हतं.

या डिसेंबरात तो झाला.

वर्तमानपत्रात सूचना आली. भुयारी गटार मंजूर, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प मंजूर, पाणी पाइपातून थेट ओढ्याला जाणार. आणि मागचं रान विकास आराखड्यात हिरव्याचं पिवळं होणार, म्हणजे शेती विभागातून रहिवासी विभागात. नावही सुचवलेलं होतं : सरोवर पार्क टप्पा दोन. हरकतींसाठी मुदत तीस दिवस.

शेजारचे शामकांत पेढे घेऊन आले. “बाई, जिंकलात! ठरावात तुमचं नाव आहे. ‘श्रीमती दया अमोलिक यांच्या सातत्यपूर्ण पाठपुराव्यामुळे’. सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ. आता आमचे डास गेले म्हणून समजा.”

“हो का,” बाई म्हणाल्या. पेढा हातातच राहिला.

गॅलरीतून आवाज आला, “पाणी... जाणार?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही लेखी नसताना शब्द दिला.

शामकांत एकदा गॅलरीकडे आणि एकदा पेढ्यांच्या पुड्याकडे बघून घरी गेले.

पहिल्या सोमवारी बाई नगरपरिषदेत गेल्या. मीही सोबत होतो, कारण माझी घरपट्टी तिथे वर्षभर दुरुस्त होत होती. बाईंनी कागद पुढे केला. छगनने वाचला, चष्मा काढला, परत घातला.

“बाई, ही हरकत हाय.”

“हो.”

“तुमच्याच अर्जावर तुमचीच हरकत?”

“विषय तोच आहे. विचार बदललाय.”

छगनने आजूबाजूला पाहिलं. मी घरपट्टीकडे पाहिलं.

“बाई, रागावू नका, पर हरकत घेऊ नका. हरकतीला मुदत अस्ती. तीस दिसांत सुनावनी, दुपारच्या जेवनाच्या आत निकाल, की फेटाळली. मी लई बघितल्यात.” मग आवाज खाली आणून, “अर्ज करा. अर्जाला मुदतच न्हाई.”

“आणि काम?”

“अर्ज फाइलला लागला की त्याच्यावर अभिप्राय मागवावा लागतो. अभिप्राय येईस्तोवर त्या जमिनीच्या कागदावर कोन सही करतंय? तुमीच शिकवलं व्हतं नव्हं, अर्ज कसा असावा? मुद्देसूद, नम्र, आन् मागनी रास्त.”

बाई तिथेच बाकावर बसल्या. वर्गात फळ्यावर लिहायच्या त्याच अक्षरात त्यांनी लिहिलं. विषय : सांडपाणी शुद्ध करून त्याच तळ्यात सोडणेबाबत, व तळ्याभोवतीची जागा हिरवीच ठेवणेबाबत. खाली ‘तातडीने’ हा शब्द दोनदा घातला.

“ही मागणी खरीच रास्त आहे, छगन. डास जातील, पाणी राहील.”

“म्हनूनच वेळ लागंल,” छगन म्हणाला आणि शिक्का मारला.

मुख्याधिकारी अश्विनी मॅडमनी आत बोलावलं. त्या नव्या होत्या, काम करण्याची इच्छा अजून शाबूत होती. “बाई, तळं म्हणजे कुठलं? आमच्या नकाशावर तिथे तळं नाहीये.”

“तुमच्याच नगरपरिषदेने मंजूर केलेल्या लेआउटच्या नावात आहे. सही-शिक्क्यासकट.”

मॅडमनी जुना नकाशा मागवला. त्यावर खरंच ‘सरोवर’ लिहिलेलं होतं. आता नाव खरं की नकाशा, हे ठरवायचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. त्यांनी शेरा लिहिला : नगररचना, आरोग्य आणि पाटबंधारे यांचे अभिप्राय घ्यावेत. तिन्ही खाती वेगवेगळ्या गावांत आहेत. सत्कार तूर्त पुढे ढकलला. शालीला अभिप्राय लागत नव्हता, पण राहून गेली.

येताना रिक्षात बाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

“मागच्या मागणीला अठरा वर्षं लागली,” त्या म्हणाल्या. “हिलाही तेवढीच धरा.”

घरी आलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. शामकांत त्यांच्या गच्चीवरून काका काय बघतायत ते बघत होते. त्यांनी गप्पी माशांची पिशवी आणली होती, आरोग्य खात्याकडून, डासांसाठी. ती तळ्यात सोडून झाली होती. पिशवी कुंपणावर वाळत होती.

“झालं?” काकांनी विचारलं.

“अर्ज दिला.”

“किती... दिवस?”

“अठरा वर्षं.”

काकांनी हिशेब केला. त्यांना वेळ लागतो, आम्ही थांबलो. “मी नव्वद.”

“मी चौऱ्याऐंशी.”

“पुष्कळ,” काका म्हणाले.

पाण्यावर उलटं आभाळ पडलं होतं. त्यात उलट्या शेकाट्या उभ्या होत्या आणि आमची कॉलनीही होती, एकशे बारा घरं, डोकं खाली करून, माहितीपत्रकात होती त्याहून बरी. कुणीतरी वरच्या मजल्यावर मोरी धुतली. थोड्या वेळाने फेसाचा एक पांढरा पुंजका हळूहळू आमच्या काठाला आला, गोल फिरला आणि बगळ्याच्या पायाशी थांबला.

“चौदा,” काका म्हणाले.

बाईंनी मोजल्या. चौदाच होत्या.