कामाची नसलेली भेग

आम्रपाली महाडची, पुण्यात भूशास्त्रात संशोधन करणारी. गोंडवन नावाचा प्राचीन महाखंड फुटला, त्यातून भारत सुटला, आणि पुढे सेशेल्स बेटंही भारतापासून तुटली. ती नेमकी कधी तुटली, हा तिचा विषय. तेव्हा जमीन ताणून फाटली आणि फटींत लाव्हा शिरून थिजला. त्याच्या काळ्या उभ्या भिंती पोलादपूरच्या डोंगरांत आजही दिसतात. त्या दगडातल्या स्फटिकांवरून वय काढता येतं.

अशी एक भिंत चिंचकोंड वाडीच्या माथ्यावर होती. मे महिन्यात वाडीतल्या कोंडाजींनी आम्रपालीला वर नेलं. नमुने फोडताना तिला मातीत लांबलचक भेग दिसली, हात जाईल एवढी. तिनं वहीत लिहिलं, ‘नवी भेग. कामाची नाही.’ खाली आल्यावर कोंडाजींच्या बायकोनं, रखमानं, तिला तांदळाची भाकरी वाढली.

जुलैत डोंगर तिथूनच सुटला. नऊ घरं गेली. कोंडाजी गुरांमागे पलीकडच्या रानात होते म्हणून वाचले. रखमा सापडली नाही.

आम्रपालीला परत तिकडे जायला दीड वर्ष लागलं. दरम्यान प्रयोगशाळेतून उत्तर आलं होतं. सहा कोटी तीस लाख वर्षं. मार्गदर्शक सरांनी कौतुक केलं, तेव्हा तिला नीट हसताही आलं नाही.

कोंडाजी आता रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

“दगडवाली ना गो तू? लागलं काय वय?”

“लागलं, काका.” तिनं वही उघडून ती ओळ वाचून दाखवली. “मी भेग बघितली होती. कुणालाच सांगितलं नाही.”



“मी पन बगितलेली,” कोंडाजी म्हणाले. “म्हशीचा पाय अडकंल म्हनून दगडमाती भरली तिच्यात. रखमा म्हनाली, तलाठ्याला सांगा. मीच नाय गेलो. पोरालासुदा बोललो नाय अजून.”

आम्रपाली रडू लागली. त्यांनी तिला थांबवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं शेजारच्या वाड्यांचे माथे हिंडले. एका ठिकाणी भेग सापडली. तिनं तहसील कचेरीत अर्ज दिला. पाऊस लागायच्या आत त्या भेगेखालची चार कुटुंबं हलली, दोन हलली नाहीत. कोंडाजी रोज सकाळी त्या दोन दारांशी जाऊन उभे राहत. “चला,” एवढंच म्हणत. शेवटी तीही निघाली.

त्या पावसाळ्यात डोंगर जागचा हलला नाही. लोक कोंडाजींना हसले. आम्रपालीला वाईट वाटलं.

“हसू दे गो,” ते म्हणाले. “हसाया हायत ना.”