सासऱ्यांची शिकवणी

तिला सगळे सिस्टरच म्हणत. पेशंट तर म्हणतच, पण चेष्टेचेष्टेत सासरेही म्हणायला लागले आणि तेच नाव घरात रुळलं. दवाखान्यातर्फे ती घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायची. यंदा तिच्याकडे टेकडीपलीकडची वस्ती आली, आणि नेमकी तिकडची बस दिवसातून एकदाच जायला लागली.

"गाडी आहे की अंगणात," एक दिवस सासरे भाजी निवडता निवडता म्हणाले. "नुसती उभी आहे."

"बाबा, मी एकेचाळीस वर्षांची आहे."

"मग काय झालं? गाडी एकवीस वर्षांची आहे. तुझ्यापेक्षा लहानच."

बाबांनी तीस वर्षं मोटरसायकलवरून टपाल वाटलं होतं. पुढे काचबिंदूने त्यांना बाजूचं दिसेनासं झालं आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. तरी रोज सकाळी ते ताडपत्री काढून गाडी पुसायचे.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो या बोलण्यात पडला नाही. तो एकोणीस वर्षांचा असताना बाबांनी त्याला गाडी शिकवायला घेतली होती. बारा दिवस बाबा इतके ओरडले, की तेराव्या दिवशी त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही. भांडण असं झालंच नाही. बापलेकांचं बोलणं मात्र तेव्हापासून जेवलात का, औषध घेतलं का, एवढ्यावर आलं.

रविवारी सकाळी तिघं बंद पडलेल्या गोदामामागच्या पटांगणात गेले. गाडी ढकलत न्यायला दोन माणसं लागली, म्हणून नवरा आला. येताना त्याने पाण्याची बाटली आणि एक पुस्तक आणलं आणि तो कठड्यावर जाऊन बसला.

"आज इंजिन चालू करायचं नाही," बाबा म्हणाले.

"मग करायचं काय?"

"ओळख करून घ्यायची. ढकल. थांबव. स्टँडवर लाव. परत काढ. हिचं वजन किती, कुठे कलली की आवरत नाही, हे अंगाला कळू दे."

बाबांनी हेल्मेटचा पट्टा तिच्या हनुवटीखाली स्वतः आवळला, दोन बोटं आत जातात का पाहिलं आणि चपला बघून तिला बूट घालायला घरी परत पाठवलं. तासाभरात तिचे खांदे भरून आले.

पुढच्या रविवारी इंजिन चालू झालं. क्लच अगदी सावकाश सोडायचा. एका जागी गाडी किंचित पुढे ओढ घेते, ती जागा बोटांना सापडली पाहिजे. गाडी चौदा वेळा बंद पडली. पंधराव्या वेळी मात्र पुढे निघाली आणि सिस्टर इतकी घाबरली, की तिनेच बंद केली.

"छान," बाबा म्हणाले. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण आवाज त्यांनी मोठ्या कष्टाने खाली ठेवला होता. ओरडायचं नाही असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं असावं, हे तिला तेव्हाच जाणवलं.

तो निश्चय चौथ्या रविवारी मोडला. ती हळूहळू डावीकडे वळत होती. मध्येच गोदामाची भिंत फार जवळ वाटली, तिने घाबरून पुढचा ब्रेक आवळला, आणि गाडी तिला घेऊन आडवी झाली.

"अगं आंधळी आहेस का!" बाबा कडाडले. "किती वेळा सांगायचं! डोकं घरी ठेवून आलीस?"

ती उठून बसली. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. तिने हेल्मेट काढलं. डोळे भरून आले होते, ते पडल्यामुळे नव्हे.

"असंच बोलला होतात ना यांना?" ती म्हणाली.



तेवढ्यात नवरा कठड्यावरून उतरून आला होता. त्याने आधी तिचं कोपर पाहिलं, मग इंजिन बंद केलं आणि गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून गाडी सरळ उभी केली. एकदाही न अडखळता.

"हे बघ," तो तिला म्हणाला, "हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरायचा नाही, गाडी त्याच अंगाला पडते. हळू असताना मागचा, पायाने, हलकेच. सरळ रस्त्यावर दोन्ही. आणि तू भिंतीकडे बघत होतीस. जिथे जायचंय तिकडे बघ, हात आपोआप तिकडे वळतात."

बाबा ऐकत होते. हे सगळं त्यांचंच सांगणं होतं, शब्दाला शब्द. फक्त शांत आवाजात.

"तुला हे सगळं आठवतं?" त्यांनी विचारलं.

"ओरडत होतात, बाबा. पण ऐकू तर येत होतं."

सिस्टरला हसू फुटलं. बाबांना मात्र हसता येईना. ते कठड्यापाशी जाऊन बसले. मुलगा बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेला.

"मला भीती वाटायची रे," बाबा म्हणाले. "टपाल वाटताना रस्त्यात काय काय बघायचो. तू गाडीवर बसलास की तेच डोळ्यांपुढे यायचं. भीती वाटते असं म्हणायला जमायचं नाही, मग ओरडायचो." मग म्हणाले, "चुकलंच माझं."

 बाटलीचं झाकण उघडून मुलाने ती बाबांच्या हातात दिली आणि तो त्यांच्याशेजारी, अगदी खेटून बसला.

"तिला आता उजवं वळण शिकवू," तो म्हणाला. "तुम्ही सांगा, मी तिच्या बाजूने चालतो."

त्यानंतर शिकवणी दोघांची झाली. परवान्याच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली, वळणावर पाय टेकला म्हणून. दुसऱ्यांदा पास झाली. मग आठवडाभर पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, नवरा तिच्या मागे बसून गेला. त्याने स्वतः गाडी हातात घेतली नाही आणि कोणी त्याला घे असं म्हटलंही नाही.

सोमवारी ती पहिल्यांदा एकटी निघाली. ड्रेसिंगची पेटी मागे घट्ट बांधलेली, दोन्ही आरसे नीट केलेले. बाबा फाटकाशी उभे होते. सांगण्यासारखं खूप होतं. ते फक्त "सावकाश" म्हणाले.

ती कोपऱ्यावरून वळली. मुलाने त्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. दोघे पायरीवर बसून राहिले. पाऊण तासाने मुलाच्या फोनवर तिचा मेसेज आला.

"काय म्हणते?"

"पोचले."

"एवढंच?"

"एवढंच."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"परत वाच," ते म्हणाले.