सावकाशरावांचं पॅकिंग

"या खोक्याचं लेबल लिही. आणि हो, मला साप चावलाय," आमचे हे म्हणाले.

अगदी याच क्रमानं! आधी लेबल, मग साप. गोदामात मी लेबलं लिहिते आणि हे काचसामान भरतात. तेवीस वर्षांत यांच्या हातून एक कप फुटलेला नाही आणि एक काम लवकर झालेलं नाही. म्हणून सगळे यांना सावकाशराव म्हणतात. मी काय म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही.

"कधी चावला?" मी किंचाळले.

"झाला असेल पाव तास. पेंढ्यात हात घातला आणि मनगटाला टोचलं. बघतो तर काळा साप दाराखालून सटकला. पण खोकं अर्धं भरलं होतं ना. अर्धं खोकं सोडून उठायचं नाही, हा आपला नियमच आहे."

नियम! माझं डोकंच फिरलं. "अहो, विष कपांना चढणार होतं का?" मी गोदाम डोक्यावर घेतलं.

सगळे धावत आले. हमाल दोरी घेऊन आला, दंड आवळून बांधू म्हणाला. ड्रायव्हरनं कटर काढला, चिरा मारायला. मी दोघांनाही हाकललं आणि हॉस्पिटलला फोन लावला. तिकडची नर्स माझ्याहून खमकी निघाली. "आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही! हातातलं घड्याळ काढून ठेवा. पेशंटला चालू देऊ नका, हात अजिबात हलू देऊ नका आणि ताबडतोब घेऊन या."

रस्ता अर्ध्या तासाचा, आणि खड्डे काय विचारता! हलू द्यायचं नाही म्हणजे कसं? तेवढ्यात आमचे मुकादम बाह्या सरसावत म्हणाले, "वहिनी, वाटेत हलू न देणं हेच तर आपलं काम! चला रे, माल नाजूक आहे."

चार मिनिटांत यांचं पॅकिंग झालं. हाताखाली जाड पुठ्ठा, त्यावर कापडाची सैल गुंडाळी, खाली दोन गाद्या, दोन्ही बाजूंना स्पंज. आडवे पडल्या पडल्या हे म्हणतात, "डाव्या कोपऱ्यात पोकळी राहिलीय."

"मालानं बोलायचं नसतं," मुकादम म्हणाले आणि टेम्पो सुटला.

अर्ध्या वाटेत यांच्या पापण्या मिटायला लागल्या. "तू दोन दोन दिसतेयस गं," हे म्हणाले. जीभ जड झाली होती. एरवी मी काहीतरी टोला हाणला असता. पण आता हा माणूस असाच हळूच, कुणाला त्रास न देता निघून जाईल, अशी मला भीती वाटली. मी यांच्या कानाशी तोंड नेऊन वाट्टेल ते बोलत राहिले. माया होती त्यात, शिव्याही होत्या.

हॉस्पिटलात धडाधड इंजेक्शनं सुरू झाली. दोन दिवस श्वासाला मशीन लावलं होतं. डॉक्टर मला बाहेर म्हणाले, "जगभरात दर वर्षी हजारो माणसं साप चावून मरतात, बाई. त्यातली कितीतरी नुसत्या उशिरामुळे. तुम्ही आणलंत छान, पण आधीचा तो पाव तास फार महागात पडला असता."

तो पाव तास माझ्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी नळी काढली, हे दोन घोट पाणी प्यायले. मी खुर्ची पुढे ओढली. "लगेच का नाही सांगितलंत? आणि नियमाचं कारण मला सांगू नका."

यांनी विचार केला. अर्थात सावकाश.

"तू ओरडशील म्हणून," हे म्हणाले. "म्हटलं, खोकं पूर्ण करून सांगितलं तर निदान एकाच गोष्टीसाठी ओरडशील."

माझ्या आरडाओरड्याला भिऊन हा माणूस अंगात विष घेऊन कप गुंडाळत बसला होता! मी यांच्या तळहातावर कपाळ टेकलं आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "चुकलं हो माझं."

हे ताडकन उठून बसायला गेले. पहिल्यांदाच मी यांना घाई करताना पाहिलं.

"सिस्टर!" हे ओरडले. "अहो सिस्टर, लवकर या! हिला काहीतरी झालंय!"