डिकीतली जागा

निकेलची ती मूठ गाडीच्या पाठीवर, अगदी मधोमध, कशासाठी बसवली असावी हे हैदरला काही केल्या कळेना. मुठी दारांना असतात. पाठीला कशाला हवी? हिरव्या गाडीच्या उतरत्या पाठीवरून सकाळचं ऊन घरंगळत येऊन त्या मुठीपाशी थांबलं होतं आणि हैदर हातातलं फडकं विसरून तिच्याकडे बघत उभा होता — परक्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावू नका म्हणून कापसाच्या जिनातल्या हमालांना एरवी दटावणारा हैदर, आणि त्याच्याच हातून ती मूठ फिरवली गेलीसुद्धा. गाडीची पाठ उघडली. आत एक गादी होती. कातड्याची, बेताची, आभाळाकडे तोंड करून बसलेली.

"ती नोकराची जागा," ती गाडी विकायला आलेला हैदराबादचा एजंट मागून म्हणाला. "डिकी म्हणतात. मालक पुढं गाडी चालवणार, नोकर मागं बसणार."

नोकराची जागा... म्हणजे माझी. हैदरला हसू आलं आणि ते का आलं याचंच त्याला नवल वाटलं. इतके दिवस ज्या गोष्टीनं त्याची झोप उडवली होती ती अशी एक मूठ फिरवताच उत्तरासकट समोर यावी!

दिवाळीनंतर औंढ्याहून परतताना वाशीमच्या एका व्यापाऱ्याची उघडी गाडी भोंगा वाजवत त्यांच्या पुढे निघून गेली, आणि त्याचे मालक पुनमचंद सेठजी थेट हिंगोलीपर्यंत धूळ गिळत गप्प बसून राहिले. गाडी चालवता चालवता आरशात हैदरला त्यांचा चेहरा दिसत होता. तो चेहरा त्याला पाठ होता — थोरल्या सेठजींची बग्गी हाकायचा तेव्हापासून, लहानगा पुनम मांडीवर बसून लगाम ओढायचा तेव्हापासून. शर्यतीची गाडी येणार हे हैदरला सेठजींच्या आधी कळलं होतं. फक्त एकच गोष्ट कळली नव्हती, की तसल्या गाडीत दोनच माणसं बसतात.

दोनच. एक चालवणारा, एक त्याच्या शेजारी. चालवणार आता सेठजी. कयाधूच्या काठच्या माळावर हैदरनंच तर त्यांना शिकवलं होतं, आणि फार छान शिकले म्हणून घरी जाऊन कौतुकही केलं होतं. मग शेजारी? शिकवताना वेगळं; एरवी मालकाच्या खांद्याला खांदा लावून नोकर बसत नाही. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, सांगावं लागतही नव्हतं. जुनी बंद गाडी तर ज्याचा सौदा होईल तो एजंट बदल्यात घेऊन जाणार. मग हैदरला उरलं काय, तर जिनाच्या फाटकावरचं स्टूल.

"फाटकावर बसा की मग," सकाळी चहा देताना त्याची बायको अमिनाबी म्हणाली होती. "धूळ तरी खायला लागणार न्हाई."

तिला काय सांगणार... की गाडी सुटताना पायाच्या तळव्यातून वर चढत येते ती थरथर फाटकावर बसून मिळत नाही.

अंगणात कापसाच्या गंजीपुढे दोन्ही गाड्या उभ्या होत्या. हिरवी हैदराबादच्या एजंटाची, लाल मुंबईवाल्याची. सेठजींनी दोघांना मुद्दामच एका दिवशी बोलावलं होतं. दोन माणसं समोरासमोर उभी केली की भाव कसा हलतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. कापसाचा करावा तसाच सौदा. हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं धरायची, बोटांनीच भाव सांगायचा आणि बोटांनीच तो पाडायचा, बघणाऱ्याला नुसता हलणारा रुमाल दिसायचा. हैदराबादच्या एजंटानं हे कुठंतरी शिकून घेतलेलं दिसत होतं. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. एजंटाच्या कपाळावर घाम आला. हैदरला वाटलं, भाव उतरला. पुन्हा उतरला.

"अन् ही मागची जागा?" सेठजींनी रुमालाखालचा हात न काढता विचारलं. "हिचे येगळे लावत न्हाई ना?"

"छे, छे. नोकराची जागा फुकट."

हे मात्र मोठ्यानं सांगितलं गेलं. गाडीचा भाव रुमालाखाली आणि माझा रुमालाबाहेर, सगळ्या हमालांदेखत... हैदरला ते लागलं. चांगलंच लागलं. पण त्या लागण्याच्या आतून एक चमत्कारिक कुतूहलही वर आलं — या जागेची वेगळी किंमत असतीच, तर ती किती बोटांची असती?

"हैदरभाई, बसून बघा बरं मागं," सेठजी म्हणाले. "चक्कर मारून येऊ."

तो बसला. औंढ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत बरं होतं, पण पुढे खडीवर सेठजींनी गाडी जी सोडली ती वारा, धूळ, बाभळी सगळं एकदमच अंगावर आलं. तांड्यावरची गुरं रस्त्यात आडवी आली तेव्हा हैदरचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. पायाखाली नुसता पत्रा होता. गाडी थांबली ती सेठजींच्या पायानं. गुरं हळूहळू जात राहिली आणि त्या वेळात हैदरला समोर सेठजींची मान दिसली. मानेवर, कॉलरच्या वर, एक तीळ होता. हा कधीपासून? बहुतेक जन्मापासूनच. पुनम मांडीवरून उतरला त्याला इतकी वर्षं झाली, त्यानंतर त्यानं ही मान मागून पाहिलीच नव्हती. मान दिसायची ती त्याची, सेठजींना, रोज, मागच्या गादीवरून. काय दिसत असेल त्यांना माझ्या मानेत? ती कधी घाबरलेली दिसली असेल का? मागे बसलं की माणसाला दुसऱ्याचं इतकं दिसतं आणि करता काहीच येत नाही... मग सेठजी वाशीमवाल्याच्या त्या धुळीत इतके का चिडले होते ते हैदरला पहिल्यांदाच नीट कळलं.

परतल्यावर लाल गाडीची पाळी. मुंबईचा एजंट सेठजींना शेजारी घेऊन निघून गेला आणि हैदर अंगणात आवाज ऐकत उभा राहिला. आवाज नदीकडे गेला, बारीक झाला, तरी तुटला नाही. हिरवीचा आवाज खोकल्यासारखा फुटत होता, हा एकसंध. त्या आवाजाच्या आत काय असेल? चाक हातात कसं लागत असेल, जड की हलकं? लाल गाडीच्या पाठीवर मूठ नव्हती, हे आठवूनही त्याचं मन तिच्याच मागे पळत होतं. अरे, ती तुझ्या पोटावर पाय देणारी गाडी आहे, त्यानं स्वतःला बजावलं. पटलंही. पण कान तिकडेच होते.

परत आल्यावर सेठजींनी रुमाल पुढे केला. मुंबईच्या एजंटानं हात खिशातून काढले नाहीत.

"किंमत एकच आहे, सेठ. ती मोठ्यानंच सांगतो आम्ही."

हैदराबादच्या एजंटानं लगेच स्वतःहून आणखी भाव उतरवला. आणि हैदरनं बघितलं, तो उतरताच सेठजींची नजर हिरवीवरून निसटली. सकाळी हीच हिरवी त्यांना वाऱ्यासारखी वाटत होती. जसजशी स्वस्त होत गेली तसतशी ती जणू जागच्या जागी मंद होत गेली, आणि जिचा भाव हलत नव्हता ती लाल उभ्या उभ्या धावू लागली. असं कसं होतं? फुकट म्हटल्यावर आपणही असेच, सकाळपेक्षा थोडे कमी झालो काय?

"हैदरभाई," सेठजी जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "माजं मन लालवर जाऊन राहिलं. पर तुमी हिरवी म्हनलं तर हिरवी. बोला, कोनती घ्यावी?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. जागेचं सगळं ठाऊक होतं. हैदरला आता एक शब्द बोलायचा होता, 'हिरवी', सकाळपासून जिभेवर तयार होता. गादी, पत्रा, समोर तीळ असलेली मान आणि महिन्याचा पगार. त्यानं तोंड उघडलं.

"लाल मी चालवून न्हाई बघितली अजून," तो म्हणाला. आणि हे आपणच बोललो का, असं वाटत असतानाच पुढचंही बोलून गेला. "एक डाव औंढ्याच्या रस्त्यानं नेऊ का, सेठजी?"

या घरात त्यानं स्वतःसाठी असं काही मागितल्याचं त्याला आठवेना. मुंबईच्या एजंटानं हसून किल्ली पुढे केली. सेठजींनी किल्लीकडे पाहिलं, मग लाल गाडीच्या दोन जागांकडे.

"अन् मी कुठं बसू?" ते हळूच म्हणाले.

हाच प्रश्न इतके दिवस हैदरच्या उशाशी बसून होता; आणि आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याची भीती वाटेनाशी झाली होती. किल्ली तळहातात गरम लागत होती. तो चाकामागे जाऊन बसला, शेजारच्या गादीवरची धूळ फडक्यानं पुसली, आणि सेठजी आता कोणत्या बाजूला चालू लागतात ते बघत राहिला.