हरायला तरी जगून राहा

कोरड्या रानासाठी संशोधन केंद्रातल्या कुल्याश आपांनी चौदा वर्षं खपून एक गहू तयार केला, आणि वर्ष कोरडं गेलं की वाणाला मंजुरी देणारे तपासणीवाले चाचणीच रद्द करतात! आमच्या तोर्गाईच्या माळावर ओलं वर्ष येतं कधी, हे त्यांनाच विचारा. दोन वर्षं अशीच वाया गेली. यंदा शेवटची संधी. ऑक्टोबरात आपा निवृत्त होणार, आणि त्यांच्यामागे शेवयांच्या या कडक गव्हाकडे केंद्रात कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं.

मी एर्गाली, केंद्राचा ट्रॅक्टरवाला. आपांचा हा ‘सारीदाला’ गहू मी पेरलाय, कापलाय, दाताखाली फोडून बघितलाय. दाणा मधाच्या रंगाचा, काचेसारखा कडक. मुळं खोल. वाऱ्यात लोळत नाही, पिकल्यावर झडत नाही. आणखी काय करायचं त्या बिचाऱ्यानं, नाचायचं?

जुलैत तपासनीस वालेरी सेमेनोविच आला. शेजारच्या वाफ्यांतलं तुलनेचं वाण करपत चाललं होतं.

“याला दाणाच धरला नाही, तर तुमचा तोलू कशाशी?” तो म्हणाला. “नियमाप्रमाणे चाचणी रद्द होईल.”

“म्हणजे आमचा जगला, हा त्याचा गुन्हा?” मी विचारलं.

“एर्गाली, गप्प बस,” आपा म्हणाल्या.

गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण माझं डोकं सणकलं होतं. दुसऱ्या दिवशी वणवा विझवायला भरून ठेवलेला पाण्याचा टँकर जोडला आणि त्या मरतुकड्या गव्हाच्या चारही वाफ्यांत रिकामा केला. मरू नकोस बाबा, हरायला तरी जगून राहा!

ऑगस्टअखेर वजनं झाली. तुलनेचा साडेआठ किलो, आमचा आठ.

“कमी भरला,” म्हणत वालेरीनं लिहायला घेतलं.

“त्याला मी टँकरभर पाणी पाजलंय!” मी ओरडलो. “आमच्याला एक थेंब नाही!”

“पाणी दिलंस? मग चाचणीच रद्द.”

आपांची चौदा वर्षं मीच मातीत घातली होती. त्या माझ्याकडे वळल्या.

“अख्खा टँकर?”

“हो, आपा.”

“आणि तरी अर्धाच किलो जास्त?” त्या हसायला लागल्या. “गाढवा, इतकी चांगली चाचणी मला कधी जमली नाही.” डोळे मात्र भरून आले होते.

वालेरीनं फाइल मिटली, घसा खाकरला. “कुल्याश दौलेतोव्ना, दोन पोती बियाणं मिळेल का? मेहुण्याच्या रानात तीन वर्षं पाऊस नाही. पोत्यावर नाव तेवढं घालू नका. मंजुरी नाही ना.”

मी त्याची गचांडीच धरणार होतो. आपांनी मला गोदामाकडे पिटाळलं. शिव्या घालत मी दोन्ही पोती त्याच्या गाडीत टाकली.

आपा गाडीच्या खिडकीशी वाकल्या. “पंधरा मेच्या आत पेरायला सांगा,” त्या म्हणाल्या. “आणि चार बोटं खोल. वरवर पेरलं तर उगवायचं नाही.”