कासवाचा ताबा

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना बँकेतल्या कामाची ओळख व्हावी म्हणून आठवडाभराचा कार्यक्रम होता. माझी रवानगी कॉम्प्युटरवाल्यांच्या खोलीत झाली. "नुसतं बघायचं, हात लावायचा नाही," असं तिथल्या प्रमुख बाईंनी आल्या आल्या बजावलं. नुसतं बघत बसायला मी काय शोकेसमधली बाहुली आहे? बाईंची पाठ वळताच मी एक बटण दाबलं आणि सरावासाठी ठेवलेली अख्खी सिस्टीम आडवी झाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खोलीत मात्र टाळ्या पडल्या. बाईंनी एकाच्या टेबलावरचं कापडी कासव उचललं आणि माझ्यापुढे आदळलं. "जो सिस्टीम पाडेल, कासव त्याच्याकडे. पुढचा कोणी पाडेपर्यंत सांभाळ."

त्यानंतर मेले सगळे ताकसुद्धा फुंकून पिऊ लागले. शेवटच्या दिवशी मी कासव परत द्यायला गेले, तर बाई म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. घरी ने."

आईने दारातच विचारलं, "नोकरीचं काही बोलले का गं?"

"नाही. कासव दिलं."

"चला, हात हलवत तरी नाही आलीस," म्हणत तिने ते धुतलं आणि शेपटीला चिमटा लावून दोरीवर वाळत घातलं.

सुट्टी लागायच्या सुमारास बाईंचा फोन आला. आवाज तसाच कडक होता.

"सुट्टीत आमच्याकडे कामाला ये. पगार मिळेल. आणि येताना कासव आण."

"का? कोणी पाडली सिस्टीम?"



"मी."