सुतकातले आकडे

टिंब बोटाला लागत होतं. पानाच्या मागच्या बाजूने — बाबा दशांशाचं टिंब देताना टाकाचं टोक असं दाबत की कागदाला मागून बारीक पुळी यायची, आणि आता एकवीस वर्षांनी, पौषातल्या या सकाळी, अकोल्याच्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसून चिंतामण त्या पुळ्यांवरून बोट फिरवत होता. वाचण्यासाठी नव्हे, वाचून तर कालच झालं होतं... बोटाला तेवढं कळत होतं, बाकी आत कुठे काही कळत नव्हतं. चैत्रात बाबा गेले तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

"चहा निवतोय," कुंदा म्हणाली.

निवू दे, असं त्याला वाटलं, आणि त्याने तो मुकाट्याने पिऊन टाकला. कुंदा हल्ली त्याच्याकडे सरळ बघत नसे, बाजूने बघे. दहाव्याला, तेराव्याला त्याने सगळं नीट केलं होतं, आल्यागेल्याला पान वाढलं की नाही तेसुद्धा पाहिलं होतं, आणि अमरावतीच्या आत्या म्हणाल्या होत्या की मुलगा खंबीर आहे. खंबीर! दगडालाही लोक खंबीरच म्हणत असतील.

वही धामणदरीच्या शाळेची होती. बाळापूरच्या पलीकडे गाडीवाटेवरचं गाव. बाबा — मोरोपंत मास्तर — तिथे चौदा वर्षं हेडमास्तर होते, आणि शाळेच्या आवारात तारेच्या कुंपणात सरकारने बसवलेलं पर्जन्यमापक त्यांच्या ताब्यात होतं. पर्जन्यमापक म्हणजे काय, तर जमिनीत पुरलेलं एक नळकांडं, तोंडाला फनेल, पोटात बाटली. रोज सकाळी आठला बाटलीतलं पाणी खुणांच्या पेल्यात ओतायचं, किती इंच किती सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, ते वहीत लिहायचं, खाली सही करायची. गावात लोक याला मास्तरची पूजा म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. कारण बाबा आंघोळ करून, धोतर बदलून कुंपणात जात आणि तिथे असताना कोणी हाक मारली तर ओ देत नसत. एक सेंट पाऊस वाढवून लिहिणं म्हणजे चोरी, असं ते चौथीच्या मुलांना सांगत. सेंट म्हणजे काय हे मुलांना माहीत नव्हतं, पण चोरी म्हणजे काय ते माहीत होतं.

आणि मी नेमका त्याच कामाला लागलो... पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गणक. गेले चार महिने पडून गेलेला पाऊस गोळा करत हिंडतोय. धामणदरीच्या वरच्या अंगाला नदीवर बंधारा व्हायचा आहे, पुराचं जादा पाणी सोडायला त्याचा सांडवा केवढा ठेवायचा ते ठरवायला तीस वर्षांचा पाऊस हवा, आणि पाऊस काही एका जागी ठेवलेला नसतो. चांदूर रेल्वेला एका अडत्याच्या बाडात तो कापसाच्या भावाशेजारी सापडला. तिवशाला एका म्हाताऱ्या वकिलांच्या रोजनिशीत 'आज मुसळधार' एवढंच — मुसळ किती इंचांचं ते वकीलसाहेबांनी लिहून ठेवलं नव्हतं. एके ठिकाणी वहीची पानं दाण्याच्या पुड्यांना गेली होती, आणि दुकानदार म्हणाला, साहेब, आधी सांगायचं ना, जुना कागद लय मजबूत असते. चिंतामण हसला नाही. तो इंच पंचवीस पूर्णांक चारने गुणून मिलिमीटर करत राहिला, कारण आता नवी मापं आली होती आणि जुन्या पावसालाही नव्या मापात यावं लागत होतं.

एवढ्या धुंडाळण्यात एकच वही अशी मिळाली की जिच्यात खाडाखोड नाही, कोरी जागा नाही, पाऊस नसेल त्या दिवशीही 'निरंक' लिहिलेलं. धामणदरीची. बापूसाहेबांनी — हे त्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर — ती चाळली आणि म्हणाले, "अशी माणसं आता मिळत नाहीत." चिंतामणने मान हलवली. तेव्हा त्याला अभिमान वाटायला हवा होता, आणि हवा होता एवढंच त्याला वाटलं.

मग काल ऑगस्ट एक्केचाळीसचं पान आलं.

तीन ऑगस्टला आई गेली. श्रावणातली सकाळ, आठाचा सुमार, बाबा कुंपणात होते. घरातून चिंतामणने हाका मारल्या — नऊ वर्षांचा होता तो — आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी ओ दिली नाही. पेल्यातलं पाणी बघून, आकडा लिहून ते आले तेव्हा आटोपलं होतं. त्यानंतर दहा दिवस सुतक. नदीवरचं तेवढं सोडलं तर बाबांनी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. सरकारी वस्तूला सुतकात शिवायचं नाही, यावर ते ठाम होते, शाळेच्या किल्ल्यासुद्धा त्यांनी काठीने पुढे सरकवल्या होत्या. हे चिंतामणला पक्कं आठवत होतं. आणि वहीत चारपासून बारापर्यंत रोजचा आकडा होता. ०.४७. १.१२. निरंक. ०.०८... त्याच अक्षरात, तीच सही.

म्हणजे बाबांनी पाऊस घरी बसून रचला.

यावर काहीतरी व्हायला हवं होतं आत. रात्री दिवा मालवून तो वाट बघत पडला, आणि काही झालं नाही, तेव्हा झोपला.

"तुमच्या वडिलांची वही आहे म्हणून तुम्हालाच विचारतो," बापूसाहेब कचेरीत म्हणाले. ते मऊ बोलत आणि मऊ बोलण्यातून सुटका नसे. "एक आकडा जरी मनाने घातलेला असला ना, चिंतामणराव, तर मग सगळी वहीच मनातली. ठेवायची तर विश्वसनीय असा शेरा लिहून द्या. काढायची तर काढू. पण मग धामणदरीचा पाऊस आपल्याकडे उरत नाही, सांडवा अंदाजाने बांधावा लागेल, आणि खाली गाव आहे. पाचच्या टपालाने अमरावतीला कागद गेला पाहिजे."

"देतो," चिंतामण म्हणाला. काय देतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

पलीकडच्या टेबलाशी देवराव नकाशाची नक्कल उतरवत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "धामणदरीचं काही असन तर आमच्या बाले इचारा. थे कोतवाल व्हते ना तिथं. माझ्याचकडे राह्यतात आता."

शेष्या. चिंतामणला एकदम ते नाव आठवलं. घरात सगळे, तो स्वतः नऊ वर्षांचा असतानासुद्धा, त्या चाळिशीच्या माणसाला शेष्या म्हणत. कुंपणातलं गवत काढायचं काम त्याचं होतं, फक्त नळकांड्याच्या भोवतीचं हातभर गवत बाबा स्वतः उपटत, कारण शेष्या महार होता. रस्ताभर — वही पिशवीत, उन्हात थंडी, सायकल हातात धरून — चिंतामण एवढाच विचार करत होता की आता त्यांना हाक काय मारायची.

"शेषरावजी," तो दारात म्हणाला.

म्हातारा बाजेवर बसला होता, पायावर घोंगडी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, खाली देवरावच्या मॅट्रिकचं प्रमाणपत्र. "मास्तरचे चिंतामण काय तुमी?" तो म्हणाला. "या, बसा. मास्तर गेले म्हून आयकलं. देवराव सांगे." सुनेने चहा आणून ठेवला आणि चिंतामणने कप उचलेपर्यंत म्हातारा त्याच्या हाताकडे बघत राहिला. मग नजर काढून घेतली.

चिंतामणने विचारलं. फार वळसे न घेता, एक्केचाळीस साल, आई गेली ते दहा दिवस, आकडे कुठून आले?

"कुठून म्हंजे? मीनं मोजलं ना."

"तुम्ही?"

"मंग कोन? मास्तर सुतकात. पहिल्या दिशी मले अंगनातून सांगतलं, शेषा, आज तू मोज. मी दुसरी शिकलो व्हतो जी, आकडे येत. काचीवरल्या खुना मास्तरनं मातीत काडीनं काढून दाखवल्या. मोजो, आन तुमच्या घरापुढं रस्त्यावर येऊन मोठ्यानं सांगो. तुमीच तर लिहत पाटीवर." म्हातारा किंचित हसला. "याद नाही काय तुमाले?"

आणि मग ते आलं, आठवण अशी नव्हे, नुसता आवाज — रस्त्यावरून, ओल्या सकाळी, खणखणीत, "मास्तर, सत्तेचाळीस!" — आणि पाटीवर पेन्सिल कुरकुरली, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले बाबा म्हणाले, पुसू नको. मुलाची पाटी सरकारी नव्हती, ती सुतकात चालत होती. दहाव्यानंतर पाटीवरून वहीत उतरवलं असणार. म्हणजे खरे होते! रचलेले नव्हते, सेंट न् सेंट खरे, फक्त मोजणाऱ्याचं नाव खोटं... चिंतामणच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, आणि त्याने मनातल्या मनात शेरा लिहूनही टाकला, विश्वसनीय.

"मंग मास्तर कुंपनात गेलेच नाहीत कधी," म्हातारा सांगत होता. "सुतक फिटलं तरी नाही. दरवाज्यालोग येत, आन तिथूनच परत. मी इचारलं नाही. बाई गेल्या तवा थे तिथं व्हते, हे साऱ्या गावाले ठाव व्हतं. मीच मोजत राह्यलो. आठ सालं. रोज."

आठ वर्षं. खाली सही मोरोपंतांची, आणि मोरोपंत दारापर्यंत जाऊन परत येताहेत — धोतर बदललेलं, आंघोळ झालेली. माझे बाबा. मला वाटत होतं ते कोरडे आहेत. सगळ्यांनाच वाटत होतं. चैत्रापासून मीही रोज असाच कशाच्या तरी दारापर्यंत जातो आणि परत येतो, आणि कुंदा बाजूने बघते.

"एकही दिवस चुकला नाही?" त्याने विचारलं. कौतुकाने विचारलं होतं.

म्हाताऱ्याने घोंगडी नीट केली.

"चुकले ना. चार दिस. सेहेचाळीस साल, तान्ह्या पोळ्याच्या दिशी आमची जयवंता गेली. सा सालाची व्हती. हगवन लागली, दोन दिसात खलास." तो हे सांगताना चिंतामणकडे नव्हे, दाराकडे बघत होता. "चार दिस नाही गेलो. पाचव्या दिशी गेलो, मोजलं, आकडा सांगतला, मास्तरनं लिवून घेतला. चार दिस कुठं व्हता, असं इचारलं नाही. मले वाटलं, इचारतीन. दरवाज्यात उभाच राह्यलो थोडा."

आत भांडं घासण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"तुमच्यापाशी थे वही हाय म्हन्ता," म्हातारा म्हणाला. "एक पाहा ना जी. त्या चार दिसात पानी आलं व्हतं काय? तिले मातीत ठेवलं तवा जमीन ओली व्हती का कोयडी, मले काईच याद नाही. इतल्या सालाचं पानी याद हाय, थे चार दिस नाही. तिची माय जाईबाई, थे होती तवर म्हने, पडत व्हतं. मले वाटते, ऊन व्हतं. वहीत लिवलं असन."

चिंतामणने वही काढली. सेहेचाळीस, ऑगस्ट. पानं सुटी होत आली होती, ती त्याने जपून उलटली, आणि उलटताना त्याला मनापासून वाटत होतं की तिथे कोरं असावं, चार कोऱ्या जागा, या सबंध वहीत कुठेच नसलेल्या.

२७ : ०.३४. २८ : ०.१२. २९ : निरंक. ३० : ०.५८.

अक्षर तेच. वर-खालच्या आकड्यांपासून वेगळं काढता येणार नाही असं. कोणी मोजायला आलं नाही. चार सकाळी कोणी रस्त्यावर उभं राहून ओरडलं नाही, आणि हा माणूस घरात बसून, पाऊस किती पडला असेल याचा अदमास घेत, सुबकपणे लिहीत गेला, पण गल्लीच्या टोकाशी जाऊन, शेषा का आला नाही, एवढं विचारणं त्याला झालं नाही. ज्याला घरचं मरण कळलं होतं, त्याला. बाबा, तुम्ही का नाही विचारलंत? चौतीस सेंट! निदान एक रेघ ओढायची होती...

पाचचं टपाल, सांडवा, शेरा, हे सगळं आहे आणि त्याचं काय करायचं ते त्याला अजूनही ठरवायचंच होतं; पण ते फार लांब, दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर असल्यासारखं वाटत होतं. इथे, या बाजेसमोर, त्याला राग आला होता. छाती दुखेपर्यंत राग. गेलेल्या माणसावर असं रागावता येतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि रागाच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, त्यामुळे पानावरचे आकडे त्याला नीट दिसेनात.

"लिवलं हाय ना?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो," चिंतामण म्हणाला. "लिहिलंय."

म्हातारा घोंगडी बाजूला सारून थोडा पुढे सरकला, ऐकायला. चिंतामणने सत्तावीस तारखेच्या टिंबावर बोट ठेवलं.